हॉलंडच्या बाईंचं गाव

छत्रपती संभाजीनगरावर काहीही अट न घालता प्रेम करणारं एकच माणूस मी आयुष्यात पाहिलं, आणि ते हॉलंडचं होतं. आम्ही इथले लोक गावावर प्रेम करत नाही असं नाही. पण आमचं प्रेम घरातल्या जुन्या पंख्यावर असतं तसं, फिरतो आहे तोवर कुणी मान वर करून बघत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई मात्र रोज मान वर करून बघायच्या. जुना दरवाजा बघायच्या, दरवाजावर उगवलेला पिंपळ बघायच्या, पिंपळात अडकलेला पतंग बघायच्या आणि तेवढ्यात पायाखालच्या उघड्या गटारात जायच्या. नऊ वर्षांत दोनदा गेल्या. दोन्ही वेळा वर आल्यावर त्यांनी झाकण पळवणाऱ्याला अस्सल दख्खनीत शिव्या दिल्या आणि मग तो पतंग कुणाचा होता याची चौकशी केली.

आमची गल्ली शहागंजच्या मागं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणून गल्ली मला सर म्हणते. घरात बायको सोडून सगळे माझं ऐकतात, म्हणजे कुणीच ऐकत नाही, कारण घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्यात असतो. बाई आमच्याकडं आल्या त्या हिमरूसाठी. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेलं नक्षीचं कापड. एके काळी त्यासाठी या गावाचं मोठं नाव होतं, आता हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यातला एक आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रहमतचाचांचा. त्या मागासमोर बसून बाई सहा महिने नक्षी कागदावर उतरवून घेणार आणि परत जाणार, असं ठरलं होतं. तेवढ्यासाठी म्हणून मी वरची खोली दिली. सहा महिने झाल्यावर म्हणाल्या, "सर, अजून एकच वेल राहिलाय." तो वेल नऊ वर्षं पुरला.

एवढ्या धीट बाई, पण वर्षातला एक महिना त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. इथं राहण्याची मुदत त्यांना दरवर्षी वाढवून घ्यावी लागे. अर्ज गेला की बाईंचं जेवण सुटायचं. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून त्या जिन्यात बसून राहायच्या. एकदा मी समजूत काढायला गेलो आणि मास्तरकीच्या सवयीनं म्हणालो, "नाहीच म्हणाले, तर आपला देश आहेच की." बाई म्हणाल्या, "सर, तिथं आता दुकानात पण मशीन बसलंय. मशीनशी माणूस काय भांडणार?" मग हळूच म्हणाल्या, "मला जायचं नाय." त्यानंतर मी समजूत काढायच्या भानगडीत पडलो नाही. परवानगीचा कागद हातात आला, की बाई रहमतचाचांच्या घरून नान-खलिया आणायच्या, आम्हाला शाकाहारी म्हणून नुसता नान द्यायच्या आणि पुढचे अकरा महिने कुणाच्या बापाला घाबरायच्या नाहीत.

हॉलंडचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून पाणी बाहेर काढत आलेत, असं मी वर्गात शिकवत असे. अशा देशातली बाई, नळाला कधी आठवड्यानं तर कधी दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हौसेनं येऊन राहते, यात काहीतरी भौगोलिक न्याय असावा. पाणी कधी येणार हे गावात कुणालाच नक्की माहीत नसतं. बाईंना माहीत असे. त्या नळाला कान लावून बसत. पाण्याआधी नळातून हवा येते, तिच्या आवाजावरून "अजून अर्धा घंटा" असं सांगत, आणि अर्ध्या घंट्यानं खरोखर धार लागे. गल्लीतल्या बायका व्हॉल्व्ह सोडणाऱ्या लाइनमनपेक्षा बाईंवर जास्त विश्वास ठेवायच्या. तो लाइनमनही एकदा बाईंनाच विचारताना मी ऐकला आहे.

पाण्याच्या बाबतीत बाईंचा शत्रू एकच, मोटार. नळाला थेट मोटार जोडली की आपली टाकी भरते, पण पुढच्या घरांचं पाणी ओढलं जातं आणि गल्लीच्या टोकाला नुसती हवा पोचते. अशी मोटार लावायला बंदी आहे, म्हणून लोक ती झाकून लावतात. पाण्याच्या दिवशी बाई दारोदार फिरायच्या आणि लोकांच्या भिंतींना तळहात लावून थरथर लागते का ते बघायच्या. लागली की दार वाजलंच. "भाभी, मोटार बंद करो. तिकडं आखिरी घरात म्हातारी रिकामी घागर घेऊन बसलीय." लोक चिडायचे, पुटपुटायचे आणि बंद करायचे. दुसरं कुणी असतं तर भांडण पोलिसात गेलं असतं. पण साडेपाच फूट उंचीची, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली, सलवारीवर आमच्या हिचा जुना स्वेटर घातलेली बाई "आखिरी घर" म्हणते तेव्हा काय बोलणार?

त्यांची सायकल हा वेगळाच विषय. संबंध गावात लाल दिव्याला थांबणारी आणि हिरव्यालाच निघणारी ती एकमेव सायकल असावी. क्रांती चौकात एकदा मी त्यांच्या शेजारच्याच रिक्षात होतो. दिवा लाल, रस्ता मोकळा, बाई खांबासारख्या उभ्या आणि मागं मोटारसायकलींचा नुसता कल्ला. शेवटी एक धोतरवाले पाव्हणे फारच हॉर्न वाजवायला लागले, तशा बाई सायकलवरून उतरल्या, वळल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "काका, लग्नाला चाललात का?" पाव्हणे गोंधळून म्हणाले, "नाय वो." "मग कुणी सीरियस है का?" "नाय." "मग थांबा ना दोन मिनिटं, मी पण थांबलीय." पाव्हणे थांबले. इतकंच नाही, त्यांच्या मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला तेव्हा त्यांनीच त्याला दटावलं. जालना रोडवरचे खड्डे बाईंना चिकलठाण्यापर्यंत पाठ होते. नवा खड्डा पडला की त्या घरी येऊन सांगायच्या, जणू कुणाकडं बाळ झालं.

गावाला नावं ठेवायला बाई एकदा बसल्या की घंटाभर उठायच्या नाहीत. धूळ, कचरा, भोंगे, मे महिन्यातलं ऊन, कूलरमध्ये घालायला नसलेलं पाणी. सगळं बिनचूक आणि क्रमवार. पण हा हक्क फक्त त्यांचा. दुसऱ्यानं एक वाक्य काढलं की त्या गावाच्या वकील व्हायच्या. बीबी का मकबरा बघायला आलेल्या कुणा पाहुण्यानं "ताजमहालाची नक्कल" असं म्हटलं, तेव्हा बाईंनी त्याला सरळ हाताला धरून बाकावर बसवलं. "हा पोरानं आईसाठी बांधलाय. बायकोसाठी तर कुणी पण बांधतंय." तो पाहुणा बायकोबरोबर आला होता. आमचा मुलगा दिवाळीला आला की "बाबा, काय ठेवलंय इथं, घर विका आणि पुण्याला चला" हे पालुपद सुरू करतो. खरं सांगायचं तर मलाही ते पटू लागलं होतं. पण बाई त्याला जिन्यातच गाठायच्या. "तुमच्या पुण्यात शेजारी कोण राहतं, नाव सांगा." त्याला ते कधी सांगता आलं नाही.

बाईंची भाषा म्हणजे अर्धी रहमतचाचांच्या घरातली दख्खनी आणि अर्धी आमच्या हिची मराठी, मध्ये भाजीबाजाराचं लिंपण. जे दिसेल ते त्या एका जाड वहीत लिहून ठेवायच्या. कुणाच्या घरी कुठल्या दिवशी काय शिजतं, पाहुण्याला आधी पाणी की आधी चहा, सगळं. एकदा त्यांनी मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं: "पाण्याच्या दिवशी या गावात शेंगदाण्याची चटणी करण्याचा जुना रिवाज आहे. ताई हा रिवाज कटाक्षानं पाळतात." ताई म्हणजे आमची ही. मी मान डोलावली आणि विषय बदलला. त्या रिवाजाचं खरं कारण सांगण्याची माझी छाती नव्हती.

कारण असं, की आमच्या जिन्याखाली एक जुनी लोखंडी पेटी आहे, आणि पेटीत गोधड्यांत गुंडाळलेली मोटार होती. बाई येण्याच्या आधीपासून होती. सुरू केली की पेटी गुरगुरायची, म्हणून आमची ही त्याच वेळी मिक्सर लावायची, आणि मिक्सरमध्ये काहीतरी घालणं भाग म्हणून शेंगदाणे घालायची. नऊ वर्षं आम्ही चटणी खाल्ली, वाटली, पुण्याला पाठवली. बाई दुसऱ्यांच्या भिंती तपासायला बाहेर पडल्या की आम्ही बटण दाबायचो. घरमालकाच्या भिंतीला हात लावून बघावं असं त्यांच्या कधी मनातच आलं नाही, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास.

आता गल्लीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यामुळंच झाला. मोटारी जप्त करणारं पथक अधूनमधून येतं. फाइल घेतलेला अनोळखी माणूस गल्लीत शिरला, की पहिल्या घरानं त्याला जे सांगितलं तेच पुढच्या सगळ्या घरांनी सांगायचं, मग ते खरं असो वा खोटं. ही रीत कुणी ठरवली माहीत नाही, पण ती हिंदू-मुसलमान, घरमालक-भाडेकरू सगळे पाळतात. तिच्या जोरावर आमच्या गल्लीतून आजवर एक मोटार गेलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात, अर्जाच्याच महिन्यात, सकाळी पाणी आलं. बाई गल्लीच्या टोकाला भिंती तपासत होत्या, आमची पेटी गुरगुरत होती, मिक्सर ओरडत होता, आणि दारात फाइल घेतलेला एक माणूस उभा राहिला. साधा शर्ट, खाली खाकी पँट. पथकच आलं असं मी धरून चाललो. तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारा मी दारात आडवा हात लावून उभा राहिलो.

"वर कोण राहतं?" त्यानं विचारलं.

भाडेकरू आहे म्हटलं की दोन कुटुंबं, दोन कुटुंबं म्हटलं की नळ बघू, आणि नळ बघू म्हटलं की पेटी. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मी म्हणालो, "कुणी नाही. वरचा मजला बंदच असतो."

तो समोर रफिकभाईंच्या किराणा दुकानात गेला. रफिकभाईंनी माझं बोलणं ऐकलं होतंच. त्यानं विचारलं, "इथं कुणी फॉरेनर बाई राहते का?" आणि रफिकभाईंनी रीतीला जागून, तराजू खाली न ठेवता उत्तर दिलं, "हितं? साहब, हितं पानी नाय येत, फॉरेनर कुठून येतील?" पुढच्या तीन घरांनीही तेच सांगितलं, त्याचं काम काय हे कुणी विचारलंच नाही. तो माणूस पाणी पिऊन निघून गेला. तो पथकाचा नव्हता. तो पोलीस ठाण्याचा हवालदार होता आणि बाईंचा पत्ता खरा आहे का ते बघायला आला होता.

हे कळलं तेव्हा पंधरा-वीस दिवस उलटले होते. बाई कागद घेऊन खाली आल्या. चेहरा पांढरा पडलेला. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही असं चौकशीत आढळलं, सबब मुदतवाढ नाकारली, इतक्या दिवसांत देश सोडावा. "सर, यांचं काहीतरी चुकलंय," त्या म्हणाल्या, "आपण जाऊन सांगू ना, मी राहते म्हणून." मी आमच्या हिच्याकडं पाहिलं. ती आत गेली. मग मीच बाईंना जिन्याखाली नेलं, पेटी उघडली, गोधड्या बाजूला केल्या आणि सगळं सांगितलं.

बाई पेटीकडं बघत राहिल्या. पहिला प्रश्न कागदाबद्दल नव्हताच. "म्हंजे नऊ वर्षं माझ्या बादलीत..." एवढंच बोलल्या. त्या खालच्याच पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मी लोकांच्या भिंतीला हात लावत फिरले. अंघोळ कुणाच्या पाण्यानं केली? त्या म्हातारीच्या." मग माझ्याकडं बघून, अगदी शांतपणे, "सर, तुम्ही लई वाईट केलं." मला माझ्या वयात एवढी लाज कधी वाटली नव्हती. आमची ही चहा घेऊन आली. बाईंनी तो घेतला. चहा नाकारायचा नाही, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे परवानगीच्या कचेरीत गेलो: मी, ही, रफिकभाई, रहमतचाचा आणि आखिरी घरातली म्हातारीसुद्धा, रिक्षात बसून. साहेब भला माणूस होता. त्यानं विचारलं, "तेव्हा राहत नाही म्हणालात, आता राहते म्हणता. मी कुठलं खरं धरू?" रफिकभाई म्हणाले, "साहब, तेव्हाचं झूट था. खुदा की कसम, आत्ताचं सच है." मी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं, की मी सेवानिवृत्त शिक्षक असून बेकायदा मोटार लावली होती, ती पकडली जाईल या भीतीनं खोटं बोललो. ही मागून म्हणाली, "चटणीचं पण लिहा." तेही लिहिलं. साहेबानं वाचलं, हसू दाबलं आणि कागद फाइलला लावला. पण फाइल वर गेली होती. आता बाईंनी आपल्या देशात जाऊन तिथून नव्यानं अर्ज करायचा, मग इथं पुन्हा चौकशी होणार, मग बघू, असं त्यानं सांगितलं. किती दिवस लागतील ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्याच दिवशी मी मोटार काढून भंगारात दिली. बाईंनी सोबत एकच बॅग घेतली. वह्या, भांडी, नक्षीचे कागद सगळं वरच ठेवलं. रहमतचाचांनी अर्धं झालेलं हिमरूचं कापड मागावरून उतरवलंच नाही, म्हणाले, "बेटी आएगी, फिर बुनेंगे." चिकलठाण्याच्या विमानतळावर बाई आमच्या हिच्या गळ्यात पडल्या. माझ्याशी नीट बोलतील असं वाटलं नव्हतं. पण त्या वळल्या आणि म्हणाल्या, "सर, लई बेकार चालवता तुम्ही लोक हे गाव. मी येईपर्यंत नीट चालवा." मी हो म्हणालो आणि तिथंच, सगळ्यांदेखत रडलो. शहाणी माणसं ज्या गावातून पाय काढतात त्या गावात राहू द्या म्हणून ही बाई नऊ वर्षं दरसाल हात जोडत होती, आणि तिला बाहेर घालवलं ते इथं जन्मलेल्या मी, एका टाकीभर पाण्यासाठी.

त्याला आता आठ महिने होतील. अर्ज तिकडून गेला आहे, चौकशी अजून यायची आहे. गल्लीनं आपली रीत उलटी केली आहे. फाइल घेतलेला कुणीही शिरला, अगदी विजेचं मीटर बघणारा असला, तरी रफिकभाई दुकानातून ओरडतात, "फॉरेनर बाई हितंच राहतात, लिहून घ्या!" मुलाचे पुण्याहून फोन येतात, घराला गिऱ्हाईक चांगलं आलंय म्हणतो. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. बाईंच्या अर्जावर पत्ता या घराचा आहे. विचारायला माणूस येईल तेव्हा दार उघडायला मी इथं असायला हवा. लग्नकार्याला गेलो तरी मी संध्याकाळच्या आत घरी येतो.

परवा दुपारी एक जण आला. गॅसची नळी तपासणारा होता. काम झाल्यावर जाता जाता त्यानं सहज वर बघितलं आणि विचारलं, "वर कोण राहतं?"

वरची खिडकी आठ महिने बंद आहे. खोली आमची ही दर शुक्रवारी झाडते.

"आमच्या बाई राहतात," मी म्हणालो. "हॉलंडच्या आहेत. जरा बाहेर गेल्यात."

"बरं," तो म्हणाला आणि निघाला.

"तसं लिहून घ्या," मी म्हणालो.

त्याच्या कागदावर असल्या गोष्टीला जागा नव्हती. पण माझ्याकडं बघून त्यानं पेन काढलं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, वर बाई राहतात.